गोल्फ खेळायला निघालात की गाडीत बसायला?

गोल्फचं नाव वाचून लगेच पुढच्या लेखाकडे जाऊ नका. माझ्या वाचकांपैकी फार थोडे जण गोल्फ खेळत असतील, याची मला कल्पना आहे. पण जिथे सहज चालता येतं तिथेही बसून जायचं, आणि वर त्याला ‘व्यायाम’ म्हणायचं, ही खोड फक्त गोल्फ खेळणाऱ्यांची नाही. गोल्फच्या मैदानावर ती अधिक उघडी पडते, एवढंच. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. धडधाकट माणसाने गोल्फ चालतच खेळावा. बॅटरीवर चालणारी ती छोटी गाडी, म्हणजे गोल्फ कार्ट, ज्याला खरोखर चालता येत नाही त्याच्यासाठी आहे. आणि जी रिसॉर्ट्स ‘आमच्याकडे चालावंच लागेल’ असं ठणकावून सांगतात, ती पाहुण्यांवर अन्याय करत नाहीत. उलट ती पाहुण्यांचं भलंच करतात.

हे रिसॉर्ट आहे तरी कुठे?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगन राज्य आहे. तिथे पॅसिफिक महासागराच्या काठी बॅन्डन नावाचं छोटं गाव आहे. लाकूडतोड आणि मासेमारी यांवर जगणारा हा भाग. पोर्टलंडहून गाडीने चार-साडेचार तास लागतात. शिकागोचे ग्रीटिंग कार्डांचे व्यावसायिक माइक कायझर यांनी इथे वाळूच्या टेकड्यांवर गोल्फचं मैदान उभं केलं. मे १९९९ मध्ये ‘बॅन्डन ड्यून्स’ सुरू झालं. डेव्हिड मॅक्ले किड या तरुण स्कॉटिश माणसाने त्याची आखणी केली होती.

कायझर यांनी एक नियम घातला : इथे कार्ट नाही. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये समुद्रकाठी जसं पायी फिरून खेळतात, तसंच खेळायचं. पिशवी स्वतः उचला, ट्रॉलीवर ढकला किंवा कॅडी घ्या. एवढ्या आडगावी, त्यात गाडीही नाही, मग येणार कोण, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली होती. आज तिथे अठरा होल्सची पाच मैदानं आहेत : बॅन्डन ड्यून्स, पॅसिफिक ड्यून्स, बॅन्डन ट्रेल्स, ओल्ड मॅकडॉनल्ड आणि २०२० मध्ये सुरू झालेलं शीप रँच. लोक जगभरातून येतात, दिवसाला छत्तीस होल्स चालतात आणि दमून-भागून झोपतात.

हाच धडा पुढे इतरांनी गिरवला. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, इनव्हर्नेस या जुन्या कोळसा खाणींच्या गावात २०१२ मध्ये ‘कॅबट लिंक्स’ सुरू झालं. विस्कॉन्सिनच्या वाळूत २०१७ मध्ये ‘सँड व्हॅली’ आलं. दोन्ही आडवळणाला, आणि दोन्हीकडे भर चालण्यावर. सगळ्यांचं मूळ स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स. तिथे आजही वैद्यकीय कारणाशिवाय कार्ट मिळत नाही.

आमच्या पुण्या-मुंबईच्या मंडळींचा याच्याशी काय संबंध, असं विचाराल. आहे. मुलं बे एरियात किंवा सिएटलला असतात. आई-वडील तीन-चार महिन्यांसाठी जातात. काही जण स्वतःच उद्योजक असतात, व्यवसायातल्या मित्रांबरोबर गोल्फची सहल ठरवतात. आणि निघण्यापूर्वी माझ्याकडे येऊन म्हणतात, “डॉक्टर, तिथे गाडी देत नाहीत. पण डॉक्टरांचं पत्र असेल तर देतात म्हणे. गुडघ्याचं काहीतरी लिहून द्या ना!”

या ‘काहीतरी’वर मी पुढे येणारच आहे. आधी आकडे पाहू.

चालण्याने नेमकं काय मिळतं?

अठरा होल्सचं मैदान चालत खेळलात, तर साधारण आठ ते दहा किलोमीटर चालणं होतं. चेंडू सरळ जात नसेल तर आणखी जास्त! पावलांत मोजलं तर अकरा हजारांच्या पुढे. तेही सपाट रस्त्यावर नाही, तर चढ-उतार, वाळू आणि गवत यांवरून, चार-साडेचार तास.

शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिला आम्ही १ मेट म्हणतो. ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम व्यायाम. शारीरिक हालचालींच्या प्रमाणित तक्त्यात कार्टमधून गोल्फ खेळणं ३.५ मेट आहे. पिशवी खांद्यावर घेऊन चालणं ४.३, आणि ट्रॉली ओढत चालणं ५.३.

आता तुम्ही लगेच म्हणाल, “बघा, कार्टसुद्धा ३.५ म्हणजे मध्यमच की!” बरोबर. कार्टमधला गोल्फ म्हणजे शून्य व्यायाम, असं मी म्हणत नाही. तुम्ही उतरता, चेंडूपर्यंत जाता, काठी फिरवता, पुन्हा बसता. घरी सोफ्यावर लोळण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण त्यात हरवतं काय, ते बघा.

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये झालेल्या एका अभ्यासात, चढ-उताराच्या मैदानावर नऊ होल्स खेळताना किती ऊर्जा खर्च होते ते मोजलं गेलं. पिशवी उचलून चालणाऱ्यांची ७२१ कॅलरी, ट्रॉली ढकलणाऱ्यांची ७१८, कॅडीबरोबर मोकळ्या हाताने चालणाऱ्यांची ६१३, आणि कार्टवाल्यांची ४११. अभ्यास मोजक्याच खेळाडूंवरचा आहे, तेव्हा प्रत्येक आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण दिशा स्पष्ट आहे : गाडीत बसलात की चाळीस टक्क्यांहून अधिक खर्च वाचतो. पैशाच्या बाबतीत बचत चांगली. इथे ती पोटावर जमा होते.

या आकड्यांमध्ये आणखी एक गोष्ट दडली आहे. पिशवी खांद्यावर घेतली काय आणि ट्रॉली ढकलली काय, खर्च जवळजवळ सारखाच. म्हणजे बारा-पंधरा किलोंची पिशवी पाठीवर घेऊन कंबर मोडून घ्यायची काही गरज नाही. ट्रॉली वापरा, पाठ वाचवा, फायदा तेवढाच.

फिनलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला विशेष आवडतो, कारण त्यातली माणसं माझ्या रुग्णांसारखीच होती : ४८ ते ६४ वयाचे, बैठं आयुष्य जगणारे पुरुष. त्यांना वीस आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा मैदान चालून गोल्फ खेळायला लावलं. तुलनेसाठी दुसरा गट होता, तो आपला नेहमीसारखा राहिला. चालणाऱ्यांचं वजन सुमारे १.४ किलोने आणि कंबरेचा घेर सुमारे २ सेंटिमीटरने कमी झाला. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वाढलं. दमही वाढला. आणि महत्त्वाचं म्हणजे, जवळजवळ सगळे शेवटपर्यंत टिकले. जिमचं वर्षाचं शुल्क भरून तिसऱ्या आठवड्यात गायब होणाऱ्यांनी याचा विचार करावा. ज्यात मन रमतं तोच व्यायाम टिकतो.

स्वीडनचा अभ्यास तर फारच मोठा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत तीन लाखांहून अधिक गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्याच वयाच्या, त्याच आर्थिक स्तरातल्या इतर लोकांपेक्षा गोल्फ खेळणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. संशोधकांच्या हिशेबाने हा सुमारे पाच वर्षांच्या जास्त आयुष्याइतका फरक आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. मुळात तब्येतीने बरे असलेलेच लोक गोल्फ खेळत राहतात, हेही त्यामागे असू शकतं. ‘गोल्फ खेळा आणि पाच वर्षं जास्त जगा’ अशी हमी यातून निघत नाही. पण स्वीडनमध्ये बहुतेक जण चालतच खेळतात, हे विसरू नका. तिथला आकडा दाखवून आपण गाडीत बसायचं, हे चालणार नाही.

नेहमीचे बचाव, आणि माझी उत्तरं

*“डॉक्टर, मी सुट्टीवर आहे. तिथेही घाम गाळू?”*

तुम्ही वीस तासांचा विमानप्रवास करून, पुन्हा कित्येक तास गाडी चालवून समुद्राकाठच्या त्या टेकड्यांपर्यंत जाता. कशासाठी? ती जागा बघण्यासाठीच ना? मग ती ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने, सिमेंटच्या पट्टीवरून का बघायची? चालताना वारा कुठून येतो ते कळतं, पायाखालचा उतार कळतो, सोबतच्या माणसाशी दोन शब्द नीट बोलता येतात. कार्टमध्ये चौघांचे दोन-दोन होतात, आणि दोघांपैकी एक बहुतेक वेळा फोनवर असतो. शिवाय उन्हाळ्यातही ऑरेगनच्या त्या किनाऱ्यावर हवा गारच असते. घामापेक्षा वाऱ्याचीच तक्रार जास्त कराल.

*“गोल्फचं चालणं म्हणजे थांबत थांबत. त्याने काय होतंय?”*

हा आक्षेप बहुधा रोज सकाळी तरातरा चालणाऱ्यांकडून येतो. फिनलंडमध्येच २०२३ मध्ये याची परीक्षा झाली. ६५ वर्षांपुढच्या निरोगी खेळाडूंनी वेगवेगळ्या दिवशी अठरा होल्स गोल्फ, सहा किलोमीटर साधं चालणं आणि हातात दोन काठ्या घेऊन सहा किलोमीटर चालणं असं तिन्ही केलं. गोल्फची तीव्रता कमी होती, पण तो बराच वेळ चालला. रक्तातली साखर आणि चरबी यांवरचा त्याचा परिणाम बाकी दोन्हींच्या तोडीस तोड, काही बाबतीत सरसच होता. सावकाश पण बराच वेळ चाललेलं शरीराला समजतं. मधुमेहींनी हे लक्षात ठेवावं. स्नायू काम करत असतात तेव्हा ते इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात.

*“वेळ वाचतो.”*

किती? एका कार्टमध्ये दोघे. एकाचा चेंडू उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे. गाडी आधी इकडे, मग तिकडे. एक जण खेळतो, दुसरा बसून राहतो. पाऊस पडून गेला असेल तर गाडी पट्टीवरच ठेवायची आणि चेंडूपर्यंत आडवं चालत जायचं. गेल्यावर कळतं की हातातली काठी चुकीची आहे, म्हणून पुन्हा गाडीपर्यंत या. शिवाय तुमच्या पुढचा गट जेवढा वेळ घेईल तेवढा तुम्हालाही लागणारच. ट्रॅफिकमध्ये घुसून घुसून पुढे गेलेला स्कूटरवाला सिग्नलला आपल्याच शेजारी उभा असतो, तसंच हे.

*“वय झालं आता.”*

कोणाचं? पंचावन्नाव्या वर्षी? आषाढात आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर पायी जाणाऱ्यांत साठी-सत्तरीचे किती जण असतात, ते तुम्ही दरवर्षी टीव्हीवर बघता आणि हात जोडता. त्यांच्या पायांत कोणतं वेगळं हाड नसतं. वयाबरोबर पायांचे स्नायू घटतात आणि तोल जाऊ लागतो, हे खरं. पण त्यावर उपाय चालणं हाच आहे. गाडीत बसून स्नायू वाढल्याचं अजून तरी मी पाहिलेलं नाही.

*“माझे गुडघे झिजलेत.”*

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. गुडघ्याची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, सुरुवातीच्या किंवा मध्यम टप्प्यात असेल तर चालणं हा उपचाराचाच भाग आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचाल झाली की सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. मांडीचे स्नायू मजबूत असले की गुडघ्यावरचा भार कमी होतो. चालल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलं, तर काळजी नको. सूज आली, गुडघा अडकू लागला किंवा रात्री झोप मोडेल इतकं दुखलं, तर ती वेगळी गोष्ट. मग तपासायला या.

*“गाडी सुरक्षित असते.”*

असं वाटतं खरं. अमेरिकेत १९९० ते २००६ या काळात गोल्फ कार्टमुळे झालेल्या इजांसाठी सुमारे १ लाख ४८ हजार लोकांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात जावं लागल्याचा अंदाज आहे. वळणावर बाहेर फेकलं जाणं, उतारावर गाडी उलटणं, मुलाने स्टिअरिंग धरणं, अशी कारणं. या गाड्यांना बहुतेक वेळा दार नसतं, पट्टा नसतो. सगळ्या इजा गोल्फच्या मैदानावरच झाल्या असं नाही, कारण तिथे वसाहतींमध्येही या गाड्या फिरतात. पण ‘खेळण्यातली गाडी’ समजून तिच्यात नातवाला मांडीवर बसवून फिरवू नका.

सक्ती नेमकी कोणाची?

बॅन्डनला नावं ठेवणारे म्हणतात, “गाडी हवी की नको हे मी ठरवीन. ही सक्ती कशाला?” मग दुसरी बाजू बघा. अमेरिकेतल्या अनेक रिसॉर्ट्समध्ये कार्टचं शुल्क खेळाच्या शुल्कातच धरलेलं असतं. काही ठिकाणी तर चालायलाच परवानगी नसते! चालायचं म्हटलं तरी गाडी घ्यावीच लागते. या सक्तीविरुद्ध मात्र फारसं कोणी बोलत नाही.

असं का होतं, ते समजून घ्या. १९५० च्या दशकात अमेरिकेत कार्ट पसरू लागल्या. ऑगस्टा शहरातली ई-झी-गो ही प्रसिद्ध कंपनी १९५४ मधली. चालता न येणाऱ्या माणसाची सोय म्हणून आलेली ही गाडी, बघता बघता क्लबांच्या हमखास कमाईचं साधन झाली. कॅडीला मजुरी द्यावी लागते, गाडी रोज भाडं आणते. मग मैदानंच गाडीसाठी आखली जाऊ लागली : एक होल संपला की पुढचा अर्धा किलोमीटर लांब, मध्ये विकायला बंगल्यांचे प्लॉट. अशा मैदानावर चालणाऱ्याचे हाल होतात, आणि मग सांगायचं, “बघा, इथे चालणं शक्यच नाही.” रस्त्याला फूटपाथ ठेवायचा नाही आणि लोक चालत नाहीत म्हणायचं, हा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

बॅन्डनमध्ये एक होल संपतो तिथून चार पावलांवर पुढचा सुरू होतो, कारण आखणाऱ्याच्या डोक्यात चालणारा माणूस होता. आणि गाडी नसल्यामुळे तिथे शेकडो कॅडींना काम मिळालं.

आता त्या पत्राबद्दल

गाडी हा खरा हक्क कोणाचा, हे समजायचं असेल तर केसी मार्टिनची गोष्ट ऐका. तोही ऑरेगनचाच. अत्यंत गुणी गोल्फ खेळाडू. पण जन्मापासून उजव्या पायात रक्ताभिसरणाचा दुर्मिळ विकार, क्लिपेल-ट्रेनॉने-वेबर सिंड्रोम. चालताना असह्य वेदना, पायाचं हाड ठिसूळ, रक्तस्रावाचा आणि गुठळ्यांचा धोका. व्यावसायिक स्पर्धांत कार्ट वापरू द्यावी, एवढीच त्याची मागणी होती. पीजीए टूरने नकार दिला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००१ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या खटल्यात एक तपशील नोंदला गेला आहे : कार्ट घेऊनही अठरा होल्समध्ये मार्टिनला दीड किलोमीटरहून जास्त चालावं लागतच होतं, आणि ते तो वेदना सहन करत चालत होता. पुढे २०२१ मध्ये त्याचा तो पाय गुडघ्याजवळून कापावा लागला.

याच खटल्यात एका शरीरक्रियातज्ज्ञाने सांगितलं होतं की अठरा होल्स चालायला साधारण पाचशे कॅलरीच लागतात, म्हणजे एका बर्गरपेक्षा कमी. कार्टप्रेमी हे वाक्य हौसेने सांगतात : “बघा, चालण्यात विशेष काहीच नाही!” अहो, मग चाला की! ते वाक्य मार्टिनच्या बाजूने होतं, तुमच्या नाही. निरोगी माणसाला चालण्याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून एका अपंग खेळाडूला गाडी दिली तर त्याला गैरफायदा मिळत नाही, असा तो युक्तिवाद होता.

अशा माणसासाठी डॉक्टरच्या पत्राला किंमत असते. तेच पत्र मी एखाद्या ठणठणीत उद्योजकाला ‘गुडघ्याचं काहीतरी’ म्हणून दिलं, तर काय होतं? पुढच्या वेळी खरा रुग्ण पत्र घेऊन जातो, तेव्हा काउंटरवरचा माणूस त्याच्याकडेही संशयाने बघतो. दिसायला धडधाकट पण हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या माणसाला तर याचा सर्वांत जास्त फटका बसतो. त्याचा आजार बाहेरून दिसत नाही. त्याच्या बाजूने उभं राहायला तो कागदच असतो.

आणि कायद्याचंही बघा. भारतीय डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार खोटं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणं हे गैरवर्तन आहे. त्यासाठी नोंदणी रद्द होऊ शकते. ‘एक सहीच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्या सहीखाली माझा नोंदणी क्रमांक असतो.

पत्र मी कोणाला देतो? हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, हृदय पुरेसं काम करत नसेल, सीओपीडीने धाप लागत असेल, मधुमेहाने तळपायाला जखम झाली असेल, पार्किन्सन्समुळे तोल जात असेल, सांधा बदलण्याची वेळ आली असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर न मागताही देतो. अशा माणसाने गाडी घ्यावी आणि त्याची लाज मुळीच बाळगू नये.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यामुळे चालताना पोटऱ्या दुखतात आणि थांबलं की बरं वाटतं, असा एक आजार आहे. रुग्णाला वाटतं, आपण चालूच नये. खरं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखेपर्यंत चालणं, थांबणं, पुन्हा चालणं हाच त्यावरचा एक मुख्य उपचार आहे. म्हणजे दुखतं म्हणून गाडी, असं समीकरण नेहमी बरोबर नसतं.

जाण्यापूर्वी आठ आठवडे

चाला म्हणतो, याचा अर्थ वर्षभर खुर्चीत बसून एकदम दिवसाला छत्तीस होल्स चाला, असा नाही. तो वेडेपणा आहे. बॅन्डन आडगावात आहे. छातीत दुखू लागलं तर पुण्यासारखं कोपऱ्यावर हृदयरोग रुग्णालय मिळणार नाही. म्हणून तयारी घरूनच करा.

१. चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पत्रासाठी नाही, तपासणीसाठी.

२. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास सपाटीवर चाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाऊण तास. पाचव्यापासून आठवड्यातून दोनदा चढ घ्या. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी आहेच. शेवटच्या दोन आठवड्यांत लागोपाठ दोन दिवस तीन-तीन तास चालून बघा. दुसऱ्या दिवशी उठून चालावंसं वाटलं, तर तुम्ही तयार आहात.

३. नवे बूट थेट सहलीला घालू नका. महिनाभर आधी वापरायला काढा. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय आरशात बघावेत.

४. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर चार तास चालताना साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखर ठेवा, मध्ये काहीतरी खा, आणि डोस कसा बदलायचा ते निघण्यापूर्वी विचारून घ्या. रिकाम्या पोटी बिअर तर मुळीच नको. दारूमुळे साखर आणखी उतरते आणि घाम, थरथर यांना आपण ‘थोडी चढली’ समजतो.

५. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर गार हवेतही पाणी घोट घोट पीत राहा. बीटा ब्लॉकर घेत असाल, तर नाडीच्या ठोक्यांवरून श्रम मोजू नका. चालता चालता बोलता येतंय का, ते बघा.

६. पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांती. छत्तीस होल्सचा हट्ट नको. अठरा खेळा, समुद्र बघत बसा.

७. छाती दाबल्यासारखी वाटली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा. ‘हा होल संपवून बघू’ असं करू नका. अमेरिकेत ९११ लावा. अशा वेळी गाडी मागवायला कोणी ना म्हणत नाही.

गोल्फ खेळत नसाल, तरी यातलं बरंच तुमच्या उपयोगाचं आहे. सोसायटीच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंत स्कूटर, एका मजल्यासाठी लिफ्ट, महाबळेश्वरला जाऊन पॉइंटच्या कठड्यापर्यंत गाडी. हे सगळं कार्टचंच भावंड. प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा : मला चालता येत नाही म्हणून मी बसतोय, की बसायला मिळतंय म्हणून चालत नाही? पहिलं उत्तर असेल तर निःसंकोच बसा. दुसरं असेल तर उतरा. चालता येणाऱ्या पायांना रोज चालवलं, तरच ते उद्याही चालतात.